अंगावर काढणे

दुखण्याच्या बाबतीत आपल्या भाषेत एक मोठा मासलेवाईक वाक्प्रचार आहे. कुणी औषध न घेता, कुणाला न सांगता, ताप किंवा खोकला आपल्या गतीने पुरा होऊ दिला, की आपण म्हणतो, 'त्याने दुखणे अंगावर काढले.' हे वाक्य बोलताना आवाजात थोडी तक्रार असते, पण नीट कान दिला तर त्या तक्रारीच्या तळाशी कौतुक सापडते. 'काढणे' हे क्रियापदही पाहा कसे अचूक आहे! गरिबीत दिवस काढावेत, परक्या गावी वर्षे काढावीत, तसेच दुखणेही काढावे. ते बरे करायचे नसते, त्याच्याशी भांडायचे नसते. ते फक्त काढायचे असते.

या वाक्प्रचारामागे आपली एक जुनी श्रद्धा उभी आहे. जो बोलत नाही त्याचे दुखणे खरे, आणि जो मुकाट्याने सोसतो तो मोठा, अशी ती श्रद्धा. 'सोशीक' हे विशेषण आपण मोठ्या आदराने वापरतो. मात्र ते नेमके कुणाकुणाला लावतो हे पाहिले तर थोडे हसू येते आणि थोडा विचारही येतो. ते आपण मनापासून दोघांनाच लावतो : बैलाला आणि सुनेला. मालकाला कुणी सोशीक म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुखणे मुकाट्याने सोसणे हा खरोखरच सद्गुण आहे काय? असला प्रश्न मी एरवी एखाद्या कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी घातला असता आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले असते. पण तत्त्वज्ञानातले प्रश्न कधीकधी पुस्तकांच्या कपाटातून न येता भलत्याच जागेतून येतात. माझ्याकडे हा प्रश्न डाव्या बाजूच्या सातव्या-आठव्या बरगडीतून आला.

गेल्या वर्षी दिवाळीला आठ दिवस असताना माळा झाडायला म्हणून मी स्टुलावर चढले होते. स्टूल कलले, आणि खाली ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीचा काठ माझ्या बरगडीवर बसला. घटना एवढीच. रक्त नाही, जखम नाही, दाखवण्यासारखे काहीच नाही. आपण ज्याला मुका मार म्हणतो तो. 'मुका मार' या शब्दांनाही किती अर्थ आहे! ज्याला तोंड नाही असा मार. हात मोडला तर तो गळ्यात बांधता येतो, मग गावभर त्याची विचारपूस होते. डोके फुटले तर पट्टी बोलते. बरगडीचे दुखणे मात्र पदराखाली राहते. माणूस चालतो, बोलतो, जेवतो. त्याला काही झाले आहे हे त्याने सांगितल्यावाचून कुणाला कळत नाही. म्हणून मुक्या माराच्या बाबतीत सांगावे की सोसावे हा प्रश्न जितका स्वच्छ उभा राहतो, तितका तो दुसऱ्या कुठल्या दुखण्यात राहत नसेल.

आवाज ऐकून घरातली आणि शेजारची माणसे धावत आली. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, 'लागलं नाही ना?' माया होती म्हणूनच हा प्रश्न आला, यात मला शंका नाही. पण शाळामास्तरणीचे कान असे असतात की दुखत असतानाही त्यांना व्याकरण ऐकू येते. 'लागलं नाही ना?' हा प्रश्न नाहीच मुळी. ते प्रश्नाचे सोंग घेतलेले उत्तर आहे. विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे ते त्या 'ना'मध्ये आधीच येऊन बसलेले आहे. पडलेल्या माणसाने त्यावर 'नाही, नाही' म्हणायचे आणि सर्वांना सुटका द्यायची, हा आपला शिष्टाचार. पडतो एक, आणि धीर द्यायचा त्यानेच बाकीच्यांना!

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बरगड्यांवरून बोट फिरवले, पाठीला नळी लावून दोन्ही बाजूंचा श्वास ऐकला, आणि फुप्फुसाला धक्का नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, 'बारीक चीर असेल तर एक्स-रेत पुष्कळदा दिसतही नाही. आणि साधा मुका मार असला काय किंवा बारीक चीर असली काय, घरी करायचे ते जवळजवळ सारखेच. तीन आठवडे लागतील, कदाचित सहा.'

'पट्टा बांधायचा नाही?' यांनी विचारले.

'नाही,' डॉक्टर म्हणाले, आणि का नाही तेही त्यांनी समजावून सांगितले. त्यांचे ते सांगणे मी पुढे सहा आठवडे मनात घोळवत होते.

मोडलेल्या हाताला विश्रांती देता येते, पाय उशीवर ठेवता येतो. पण माणसाच्या छातीतल्या चोवीस बरगड्यांना रजा नसते. प्रत्येक श्वासाबरोबर त्या वर उचलल्या जातात आणि खाली बसतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर तासाला 900 होतात, आणि अहोरात्रीचे 21,600. हाच आकडा आपल्या योगमार्गातील जुन्या मंडळींनीही सांगून ठेवला आहे. माणूस नकळत दिवसाला एकवीस हजार सहाशे वेळा अजपाजप करतो, असे ते मानीत. जप असो वा नसो, दुखऱ्या बरगडीला तितक्या वेळा हलावेच लागते, हे मात्र निश्चित. पूर्वी डॉक्टर छातीभोवती चिकट पट्ट्या घट्ट आवळून टाकीत. त्याने रोग्याला आराम वाटे. पण श्वास उथळ होई, फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून राही, आणि बरगडीचे साधे दुखणे न्यूमोनियाच्या वाटेला लागण्याची भीती असे. म्हणून ती पद्धत आता मागे पडली. आता सांगतात ते उलट : वेदनेची गोळी वेळेवर घ्या, दर तासाला दहा खोल श्वास घ्या, खोकला दाबू नका, उशी बरगडीशी धरा आणि खोका. दिवसभर पडून राहू नका, हिंडा-फिरा. फक्त जड उचलू नका.

मी म्हटले, 'गोळी रोज नको. थोडं सोसेन मी.'

माझ्या बोलण्यात काही विशेष नव्हते. आपल्यापैकी नव्वद जणी डॉक्टरांसमोर हेच म्हणतात, आणि त्यांना ते सभ्यपणाचे वाटते. डॉक्टर हसले आणि म्हणाले, 'बाई, गोळी दुखू नये म्हणून देत नाही. श्वास पुरा घेता यावा म्हणून देतोय.'

या एका वाक्यापाशी मी थांबले. सोसणे आणि औषध घेणे या दोन गोष्टी आपण तराजूच्या दोन पारड्यांत ठेवतो. औषध घेतले की सोसणे तितके हलके झाले, असा आपला हिशेब असतो. येथे तो हिशेबच उलटा ठरत होता. गोळी न घेता मुकाट्याने पडून राहणारा माणूस करतो काय? तो श्वास अर्धाच घेतो. खोकला गिळतो. कुशीवर वळायचे टाळतो, हसायचे टाळतो, चालायचे टाळतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो मोठा धीराचा दिसतो. प्रत्यक्षात तो वेदनेपासून दिवसभर पळत असतो. आणि जो गोळी घेऊन दर तासाला छाती भरून श्वास घेतो, त्याला प्रत्येक खोल श्वासाला एक कळ येतेच. ती तो जाणूनबुजून पत्करतो, कारण तिचा उपयोग आहे. आता या दोघांत सोसतो कोण?

गोळीने माझे दुखणे संपले असे मुळीच नाही. ज्या घरात दिवाळी येऊ घातली आहे त्या घरात दुखऱ्या बरगडीची परीक्षा घेणाऱ्या किती गोष्टी असतात, याची कल्पना धडधाकट माणसाला येणार नाही. चकलीचा सोऱ्या दाबायला छातीचा जोर लागतो. रांगोळीला ओणवे बसावे लागते. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका तर साऱ्या घराला लागतो, पण माझ्या एकटीच्या डोळ्यांत पाणी काढतो. शिंक आली की पुढचे दोन क्षण जगात दुसरे काही उरत नाही. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, मग सासूबाईंनी उगाळून दिलेली आंबेहळद. रात्री तीन उशा पाठीशी घेऊन अर्धवट बसून झोपायचे. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठायचे. आणि या सर्वांवर ताण म्हणजे हसणे. मुलीने घरात फर्मान काढले की आई बरी होईपर्यंत कुणी विनोद करायचा नाही. त्या फर्मानाचेच सर्वांना इतके हसू येई की मला उशी शोधावी लागे.

त्या वर्षी चकल्या यांनी पाडल्या. चकल्यांचे वळसे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते सांगणे कठीण होते, पण त्या खुसखुशीत झाल्या होत्या. मी खुर्चीवर बसून भाजणीचा अंदाज सांगत होते, आणि सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. जरा वेळाने त्या म्हणाल्या, 'मलाही एकदा असंच लागलं होतं. विहिरीच्या पायऱ्यांवर. घागर कमरेत होती, तीच बरगडीत बसली.'

हे मी कधी ऐकले नव्हते. यांनीही नव्हते.

'मग काय केलं तुम्ही?'

'काय करायचं? पाणी भरलं. दिवाळीचे दिवस होते, घरात चौदा माणसं. महिना-दीड महिन्यानं थांबलं आपोआप. अजून थंडीत कधी आठवण देतं.'

'किती सोसलंत हो तुम्ही!' मी म्हटले.

त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. 'सोसलं कसलं, सूनबाई? सांगायला कुणी नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. त्याला लोक सोसणं म्हणाले.'

पुढे कितीतरी दिवस हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण ज्याला पिढ्यान्पिढ्या सद्गुण म्हणून गौरवले, त्यात खरा सद्गुण किती होता, आणि ऐकणारा कान नसल्यामुळे आलेले मौन किती होते? मौन आणि धीर बाहेरून अगदी सारखे दिसतात. एकाला निवड असते, दुसऱ्याला नसते. निवड नसलेल्या माणसाच्या गप्प राहण्याला धीर म्हणून ओवाळणे ही त्याची स्तुती नव्हे. ती आपल्या कानांची सोय आहे. घरातल्या एखाद्या माणसाला आपण सोशीक म्हणतो तेव्हा त्याच्याविषयी जितके सांगतो, तितकेच आपल्याविषयीही सांगत असतो.

महाभारतातली कर्णाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. परशुराम शिष्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले आहेत. एक कीडा कर्णाची मांडी पोखरतो. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. येथवर सांगून आपण थांबतो आणि म्हणतो, 'पाहा, काय सहनशक्ती!' पण व्यास येथे थांबत नाहीत. रक्ताचा ओघळ अंगाला लागून परशुराम जागे होतात, आणि त्या सोसण्याला शाबासकी न देता त्याचीच साक्ष काढतात. ब्राह्मणाला इतके सोसणार नाही. तेव्हा तू आहेस तरी कोण? कर्ण आपले कुळ सांगतो, आणि ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही हा शाप त्याच्या पदरी पडतो. कर्णाची गुरुभक्ती खरी होती, त्याचे सोसणेही खरे होते. पण ज्याच्यासाठी सोसले त्याच्यापासून जीवनातली एक मोठी गोष्ट लपवून ठेवलेली असली, की सोसणे हे नाते जोडीत नाही, असे मला या कथेत दिसते. मांडीतला कीडा आणि मनातले गुपित, दोन्ही कर्णाने अंगावरच काढले.

येथे कुणी विचारील, की गीतेने शीतोष्ण, सुखदुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे सांगितले नाही काय? सांगितले आहे, दुसऱ्याच अध्यायात. पण ते कुणाला आणि कधी सांगितले, हेही पाहिले पाहिजे. हातपाय गळून बसलेल्या अर्जुनाला, उठून आपले काम करता यावे म्हणून सांगितले. ते सहन करणे कर्तव्याच्या वाटेवरचे आहे. आणि त्याच गीतेचा सतरावा अध्याय तपाचे तीन प्रकार करतो, तेव्हा मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला स्पष्टपणे तामस म्हणतो. पीडा झाली एवढ्याने तप उंच होत नाही. ती कशासाठी, हे आधी विचारायचे.

हा प्रश्न एकट्या आपल्याच देशात निघाला असेही नाही. 1847 साली एडिंबरोच्या सिम्प्सन नावाच्या डॉक्टरने बाळंतपणाच्या वेळी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. बायबलात हव्वेला वेदनेने मुले होतील असे म्हटले आहे. तेव्हा ती वेदना कमी करणे म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणे, असा आक्षेप येण्यासारखा होता. अशा आक्षेपांना उत्तर म्हणून सिम्प्सनने त्याच वर्षी एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने जो एक दाखला दिला, तो वाचून माझी बरगडी पुन्हा दुखेपर्यंत मला हसू आले. तो म्हणतो, आदामाची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती! म्हणजे जगातली पहिली शस्त्रक्रिया, तीही बरगडीचीच, देवाने रोग्याला दुखू न देता केली. पुढे 1853 साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले, आणि वादाची धार बोथट झाली. धर्मशास्त्राने जे सहज सुटले नसते ते राणीच्या एका बाळंतपणाने सुटले. लोकांना पटवण्यात युक्तिवादाहून उदाहरण बलवान, हे आम्हां शिक्षकांना ठाऊकच असते.

तर मग सोसण्याला काही किंमतच नाही काय? मला तसे म्हणायचे नाही. उठल्यासुटल्या कण्हणारा माणूस घराचा उजेड खातो, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. ज्याचे प्रत्येक दुखणे जगातले पहिलेच असते, अशा माणसाजवळ दुसऱ्याला आपले दुखणे काढायची सोय राहत नाही. शिवाय कितीही गोळ्या घेतल्या, कितीही सांगितले, तरी हाडाला जुळायला लागणारे आठवडे कमी होत नाहीत. ते आठवडे ज्याचे त्यालाच काढावे लागतात. आणि त्यातल्या रात्री तीन वाजताचा तास तर कुणालाच वाटून घेता येत नाही. घर झोपलेले असते, कूस बदलता येत नाही, आणि माणूस आपला एकेक श्वास मोजत असतो. तेथे सोसण्यावाचून दुसरा इलाज नाही. तेथे कुणी तक्रार न करता पहाटेची वाट पाहिली, तर त्याला मी अवश्य नमस्कार करीन.

पण सांगणे आणि कुरकुरणे यांत अंतर आहे, तसे सोसणे आणि लपवणे यांतही आहे. 'मला येथे दुखते, खोल श्वास घेताना अधिक दुखते, पाण्याची बादली तेवढी उचलून द्या,' हे सांगणे झाले. त्याला दोन वाक्ये पुरतात. कुरकुर सकाळी सुरू होते आणि रात्री संपत नाही. सांगितल्याने दुसऱ्याला काय करावे ते कळते. कुरकुरीने त्याला फक्त अपराधी वाटते. आणि लपवणे तर कुरकुरीहूनही महाग पडते. डॉक्टरांनी यांना बजावून ठेवले होते, की धाप लागली, ताप येऊन पिवळा-हिरवा बडखा पडू लागला, थुंकीत रक्त दिसले, छातीतली कळ कमी होण्याऐवजी वाढत चालली, किंवा पोटात नाही तर खांद्यात दुखू लागले, तर वेळ न दवडता दवाखान्यात यायचे. ही सारी लक्षणे आधी कुणाला कळणार? ज्याला होतात त्यालाच. शरीराची बातमी सर्वांत आधी आपल्याकडे येते. ती पुढे पोचवणे हा दुबळेपणा नसून, जी माणसे आपली काळजी घेतात त्यांच्याविषयीचे ते आपले कर्तव्य आहे. बातमी दाबून ठेवायची आणि वेळ निघून गेल्यावर सर्वांनी 'एका शब्दाने बोलला नाही' म्हणून हळहळायचे, यात मोठेपणा कुणाचा होतो?

म्हणून मला वाटते, सोसण्याला सद्गुण म्हणण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे : तू कशाच्या बाजूने आहेस? श्वासाच्या बाजूने की मौनाच्या? जी कळ पत्करल्याने श्वास पुरा होतो ती आनंदाने पत्करावी. जी कळ दाबून ठेवल्याने श्वास अर्धा राहतो तिच्यावर औषध घ्यावे, आणि ती सांगावी. हा नियम बरगडीपुरताच आहे असेही मला वाटत नाही. मनालाही मुका मार लागतो. त्याचाही एक्स-रे निघत नाही, त्यालाही पट्टा आवळून चालत नाही, आणि तोही लपवला की माणूस सर्व बाबतींत अर्धाच श्वास घेऊन जगू लागतो.

मात्र सगळा भार दुखणाऱ्यावर टाकूनही चालणार नाही. सांगणाऱ्याला ऐकणारा हवा, आणि ऐकणे विचारण्यापासून सुरू होते. यंदाही घरोघर माळे झाडले जातील, किल्ल्यांसाठी दगड वाहिले जातील, फटाक्यांच्या गर्दीत कुणी धडपडेल. मधल्या सुट्टीत शाळेच्या पटांगणावर तर रोजच कुणी ना कुणी पडते, आणि त्याच्याभोवती गोळा झालेली सारी मुले एका सुरात विचारतात, 'लागलं नाही ना?' पडलेले पोर गुडघा झाकून मान हलवते. इतक्या लहान वयात त्याला उत्तर पाठ झालेले असते.

आपण प्रश्न थोडासा बदलून पाहिला तर? त्याच्याजवळ बसावे, आणि नुसते विचारावे, 'कुठे लागलं?' तेवढ्याच मायेचा आणि तेवढ्याच लांबीचा हा प्रश्न आहे. फक्त त्यात 'नाही' आधीच येऊन बसलेले नाही. उत्तराची जागा रिकामी ठेवलेली आहे. त्या जागेत कुणी आपला गुडघा दाखवील, कुणी बरगडी. आणि एखादी ऐंशी वर्षांची बाई, झारा खाली ठेवून, विहिरीच्या पायऱ्यांची गोष्ट सांगू लागेल.